रॉकेटची पीं पीं ऐकण्याबाबत

प्रति,
मा. श्री. वर्न ऑल्मस्टेड,
सुरक्षा अधिकारी, बिग एल्म रॉकेट क्लब,
ओबरडॉर्फ, कॅन्सस.

विषय : येत्या शनिवारी पतीसोबत उड्डाणाच्या चौथऱ्यापर्यंत जाऊ देण्याबाबत.
संदर्भ : मागील ऑक्टोबरात कुरणात कोसळलेले रॉकेट.

महोदय,

मी खाली सही करणार ओटिलिया लाइकर, आपले जुने सभासद क्लेमेन्स लाइकर यांची पत्नी, आपणांस भीत भीत कळविते की, आमच्या घरात पुन्हा एक रॉकेट तयार झाले आहे. ते यांच्या दुप्पट उंच आहे. धड जेवणाच्या खोलीत, शेंडा स्वयंपाकघरात. जपाला बसायचे तर मला त्याला वळसा घालावा लागतो. ते हळू खाली उतरावे म्हणून लागणारी कापडी छत्री मीच शिवली आहे, म्हणजे यात माझाही हात आहे.

छत्री उघडणारे यंत्र चौथऱ्यावर चावीने सुरू करतात आणि सुरू झाले की ते बारीक पीं पीं करते, हे आपण जाणताच. मागच्या खेपेस यांनी रॉकेटला कान लावला, मान डोलावली आणि परत आले. छत्री उघडलीच नाही. रॉकेट नाकावर येऊन पिकअप गाड्यांच्या रांगेत रुतले. तिथे ड्रायलिंगांची मुले बीरॉकचे भरलेले पाव खात बसली होती, ती नुकतीच उठली होती. सगळ्यांनी बॅटरीला दोष दिला. मीही दिला.

परंतु यंदा उपवासाच्या दिवसांत आमच्या धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली. तो दिवसभर पीं पीं करत होता. हे बरोबर त्याच्या खाली बसून रॉकेटच्या पंखांना रंग देत होते. एकदाही वर पाहिले नाही. विचारले तर म्हणाले, "माझे कान ठणठणीत आहेत गं! तूच जन्मभर कुजबुजत आलीस, आणि आता मला बहिरा ठरवतेस?" आवाज माझा लहान आहे हे खरे. म्हणूनच इतकी वर्षे आम्ही दोघेही त्यालाच बोल लावत आलो.

चौथऱ्यावर यंत्र सुरू करतात त्या वेळी आपण माइकपाशी असता. यांच्यासोबत जाणारे मित्र यांच्याच वयाचे. सगळे कान लावतात, सगळे माना डोलावतात.

परवानाधारकाखेरीज तिथे कोणी जाऊ नये हा नियम मला मान्य आहे. तरी एवढ्या वेळी मला यांच्यामागे उभे राहू द्यावे. कोणी विचारल्यास "छत्री हिने शिवलीय, बघू दे तिला" एवढेच सांगावे. चारचौघांत यांना खाली पाहायला लागू नये.

एक अडचण आहे. उठल्यापासून चर्चच्या दुपारच्या घंटेपर्यंत मी बोलत नाही. हे व्रत लग्नाआधीपासूनचे. उड्डाण तर वारा पडलेला असताना सकाळीच होणार. पीं पीं ऐकू आली तर मी मुकाट्याने परत येईन. नाही आली, तर ओरडेन. फादर बेनेडिक्टना विचारून ठेवले आहे. ते म्हणाले, "खुशाल ओरड, ओटिलिया, देवाचेही कान एकदा उघडू देत." पण परवा तळघरात ओरडून पाहिले, तर आवाजच फुटला नाही.

तरी शनिवारी बाराच्या आत माझ्या तोंडून काहीही, अगदी खोकल्याएवढेही, निघाले, तर कृपा करून उलटी मोजणी थांबवावी, ही हात जोडून विनंती.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,
ओटिलिया लाइकर
१४ एप्रिल

ता. क. उत्तर टपालाने पाठवू नये. टपाल हेच उघडतात. दुपारी बारानंतर फोन करावा. फोनची घंटा घरात मलाच ऐकू येते.