श्रीने सुरू होणाऱ्या फायली

४ जानेवारी १९९५, इंदापूर
आजपासून रोजनिशी. दूध संघात तीन वर्षं हंगामी कंप्युटर ऑपरेटर. आता कायम होणार. मॅनेजर आप्पासाहेबांनी ऑर्डर मलाच टाइप करायला लावली. केली. वैष्णवीचे वडील, भिगवणचे गेणबा म्हणतात, सही झालेला कागद दावा, मग लग्नाची सुपारी फोडू. माणसाच्या शब्दाला किंमतच उरली नाही.

६ जानेवारी
कंप्युटरला शिस्त लावली. आपल्यात कुठलाही कागद श्रीने सुरू होतो, मग फाइलचं नाव का नको? सगळ्या फायलींना नवीन नाव दिलं. आधी श्री, पुढे आकडा. टायपिस्ट प्रियदर्शनी म्हणाली, "मल्हारभाऊ, कुठल्या फायलीत काय हाय, ते कळायचं कसं?" हिला दूरदृष्टी नाही.

११ जानेवारी
कळण्यासाठी टूल बनवलं. बारामतीचा क्लास कामी आला. काळ्या पडद्यावर 'शोध' टाइप करायचं, पुढे फाइलचं नाव, एंटर. फाइल कुठेही असो, हजर. 'शोध श्री' दिलं. सगळ्या आल्या. एकही सुटली नाही. पुण्यात असतो तर पेपरात फोटो आला असता.

१७ जानेवारी
उद्या बोर्डाची मीटिंग. आप्पासाहेब म्हणाले, ऑर्डरची प्रिंट काढून ठेव. म्हटलं, मीटिंग सुरू झाल्यावर काढतो. बोर्डालाही टूल दिसू दे.

१८ जानेवारी, सकाळी
शोध श्री. सगळ्या आल्या. ऑर्डरचा आकडा आठवत नाही. आकडे लक्षात ठेवणं कारकुनाचं काम.

दुपारी
एकेक फाइल उघडतोय. फॅटचे तक्ते. पेंडीचे दर. कुणाच्या तरी शोकसभेचं पत्र. प्रियदर्शनी म्हणाली, "मी नव्यानं टाइप करून देते की, धा मिनटाचं काम हाय." नको म्हटलं. मग टूल कशाला केलं? बोर्डासमोर नाक कापून घेऊ?
लाईट गेली.

संध्याकाळी
बोर्ड उठला. वॉचमन म्हस्कूला कायम करायची ऑर्डर आप्पासाहेबांनी हाताने लिहून ठेवली होती. त्याच्यावर सही झाली. माझ्याबद्दल बोर्डातले म्हणाले, "कागुदच न्हाय, तर सही कशावर करायची?" वीज मंडळाचं पाप माझ्या माथी.

२१ जानेवारी
गेणबांचा निरोप. म्हस्कूचं लग्न झालंय का, विचारतात.
जेवलो नाही. भूक नव्हती, एवढंच.

२५ जानेवारी
ऑर्डर सापडली. श्री २१२. म्हणजे पहिल्याच दिवशी टूलने ती पडद्यावर आणून दिली होती. टूल बरोबर होतं. लोकांना दम नाही.
आप्पासाहेबांनी सांगितलं, एक तारखेपासून कंप्युटर प्रियदर्शनी बघंल, तू येऊ नको.

३१ जानेवारी
शेवटचा दिवस. प्रियदर्शनीने सगळ्या फायलींची नावं बदलली. दूध, खत, पगार, असली गावठी नावं. टूल तिने ठेवलंय. "लई कामाचं हाय, मल्हारभाऊ," म्हणाली. वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.
निघताना एकदा 'शोध श्री' दिलं. पडदा रिकामाच राहिला. मग 'शोध मल्हार' दिलं. एक फाइल आली. उघडली. माझ्या जागी माणूस नेमायची जाहिरात होती, तीही 'गरज नाही' म्हणून रद्द केलेली.