मंगळावरचा कबुतरवाला

वडीलबंधू शअबानदादास,

अलेक्झांड्रियाहून तुझ्या मावसभावाचा, म्हणजे कर्मदरिद्री हिलमीचा सलाम. मावशीची साखर कशी आहे? (बसबूसाची मिठाई कपाटावर ठेवत जा, तिथवर तिचा हात अजून पोचत नसेल अशी आशा.) तुझी कबुतरं, तुझी गच्ची आणि शेजाऱ्यांशी चाललेलं तुझं भांडण, सगळं अल्लाच्या कृपेनं ठणठणीत असो. माझं विचारू नकोस. माझं वाटोळं झालंय आणि ते तुझ्यामुळे झालंय. कसं ते ऐक.

इंजिनिअरिंग मी अर्ध्यावर सोडलं (बाबांनी तुम्हाला सुट्टी आहे म्हणून सांगितलं असेल, ती सुट्टी आता मरेपर्यंत आहे) ते कादंबरी लिहायला, आणि कादंबरी लिहायला घेतली ती रीहामसाठी. रीहाम आमच्या गल्लीतल्या तिच्या वडिलांच्या औषधाच्या दुकानात बसते. ती खरं असेल तेवढंच वाचते: अपघाताच्या बातम्या, पाककृती, आणि गिऱ्हाईक नसलं की गोळ्यांच्या डबीतला घडीचा कागद, दुष्परिणामांसकट. मला मात्र सुचते ती मंगळावरचीच गोष्ट. आता हिला मंगळावर न्यायचं कसं? मी नायक केला सेनापती: उंच, निडर, दाट केसांचा (थोडक्यात मीच, पण केस न गळालेला). मंगळाचे दोन चंद्र, तिथली हवा, यानांची इंजिनं यांवर एवढं लिहिलं की कॉलेजात लिहिलं असतं तर पास झालो असतो. तिनं थोडी पानं वाचली आणि गठ्ठा काउंटरवर ठेवला. म्हणाली, "हिलमी, ह्याला ना ताप येतो, ना भीती वाटते, ना ह्याचं पोट बिघडतं. ह्याला काही होणारच नाही, तर मी जागून काय करू?" माझं डोकं फिरलं. खोकल्याच्या औषधासाठी आलेल्या लोकांसमोर मी तिला अरसिक म्हणालो, आणि एका म्हाताऱ्याला, इथलं औषध भेसळीचं असतं, असंही सांगून टाकलं. तिच्या वडिलांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी आलो आणि रागानं नवा नायक लिहायला घेतला. म्हटलं, ताप हवा, भीती हवी, घे. आणि दादा, त्या भरात जगातला सगळ्यात नालायक माणूस म्हणून मला आठवलास तू. माफ कर. मंगळावर काचेच्या घुमटाखाली एक वसाहत, आणि तिच्यात एक कबुतरवाला शअबान: पोक काढून चालणारा, शिवराळ, श्वासागणिक खोटं बोलणारा, ज्याची साक्ष कुणी धरत नाही आणि ज्याला कुणी मुलगी देत नाही (गच्चीवरून लोकांच्या घरात डोकावतो म्हणून, तू डोकावत नाहीस, मला माहीत आहे, पण लोक म्हणतात). वसाहतीतली हवा संपत येते, सगळे शेवटच्या यानात चढतात, आणि हा गाढव काठीला फडकं बांधून गच्चीवर शिट्ट्या मारत उभा, कारण एक लंगडं कबूतर अजून उतरलेलं नाही. हे मी तिनं हसावं म्हणून लिहिलं होतं, आणि रात्रीच पानं तिच्या घराच्या दाराखालून आत सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. रीहामचे डोळे सुजलेले. तिची आई, उम्म वाएल, परग्रहांबद्दल वाचणं म्हणजे अल्लाच्या कारभारात नाक खुपसणं असं समजते. तिनं मला जिन्यात अडवलं. "मेल्या, त्या पोराला आधी यानात चढव. कबुतराचं मग बघू." तिचा मुलगा वाएल, ज्यानं फुटबॉलच्या निकालापलीकडे काही वाचलेलं नाही, तो ट्रॅममध्ये वाचता वाचता पार शेवटच्या थांब्यावर पोचला. मंगळावर हवा आलीच कुठून, हे कुणी विचारलं नाही. दोन चंद्र तर त्यांनी समोरच्यांच्या सज्ज्यासारखे चालवून घेतले. माणसाची काळजी लागली की हे लोक त्याच्यामागे कुठल्याही ग्रहावर जातात, सामानसुद्धा न बांधता. आणि मी मूर्ख त्यांना इंजिनं समजावत बसलो होतो.

इथेच तोंड मिटायला हवं होतं. पण रीहामनं विचारलं, असा माणूस खरंच असतो का? (तिला खरंच लागतं ना सगळं.) आणि मी, लेखक झाल्याच्या तोऱ्यात, म्हणालो, असतो म्हणजे काय, माझा मावसभाऊच आहे दमनहूरला, शब्दन् शब्द खरा. तेव्हापासून तिनं माझ्याबद्दल एक प्रश्न विचारलेला नाही. तुझं वय काय, तू चहात साखर किती घेतोस, तुझं कुठे ठरलंय का, हेच चाललंय. उम्म वाएल म्हणते, कबुतरवाल्यांना लोक उगीच नावं ठेवतात. येत्या शुक्रवारी नमाजानंतर ते सगळे तुझ्या घरी येताहेत. रस्ता दाखवायला मला नेताहेत. मिठाईचा डबाही मीच धरायचा आहे.

तुझा,
हिलमी

ता. क. पत्राचं खरं कारण हे: शुक्रवारी दाढी करू नकोस. येतात तेवढ्या शिव्या दे. आणि काही झालं तरी तिच्यासमोर कबुतरांना नावानं हाक मारू नकोस. तेवढं केलंस की मी संपलो.

आणखी एक. वरचं विसर. पाकीट चिकटवायच्या आधी दुकानावरून गेलो. ती डोक्याला नवा निळा रुमाल बांधून आरशात बघत होती. शुक्रवारी हा बरा दिसेल का, असं तिनं मला विचारलं. तिला एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती. दादा, दाढी कर. इस्त्रीचा सदरा घाल. तिचा चेहरा उतरला तर गाठ माझ्याशी आहे.