आमच्या घरात पाणी येत नाही

७ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही. बायकोला तर नाहीच. तिला कळलं की शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावाच्या बायकोला कळतं, आणि तिला कळलं की वस्तीला कळतं.

समुद्र वाढतोय म्हणे. सगळी वस्ती टेकडीपलीकडे हलवायची म्हणे. म्हणे! उभी नोकरी फेरीबोटीवर तिकिटं तपासण्यात गेली. फुकट्या माणूस मी चपलेवरून ओळखतो. मला कोण बनवणार?

संकल्प: घर सोडायचं नाही. कुणी गोड बोललं तर अजिबातच नाही.

९ जानेवारी
पुनर्वसन ऑफिसकडून एक बाई आली. लोकांशी 'संवाद' साधायला. खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसली. संशयास्पद. घरोघरी एकच प्रश्न: काका, तुम्हाला काय वाटतं? मला काय वाटतं हे आजवर एकाही साहेबाने विचारलेलं नाही. विचारतायत म्हणजे आधीच ठरलेलं असणार.

मी म्हणालो, मला काहीही वाटत नाही. बिनतोड उत्तर. बाईने चहा संपवला.

१३ जानेवारी
निळा रंग आणि ब्रश घेऊन बाई पुन्हा हजर. उधाणाला घरात पाणी कुठवर चढतं, ती रेघ ज्याने त्याने आपल्या हाताने भिंतीवर काढायची. डाव तिथल्या तिथे ओळखला: रेघ जितकी वर, तितका घराचा भाव खाली.

भावाने गुडघ्याएवढी काढली. पलीकडच्या होडीवाल्याने कमरेएवढी. खुळे लेकाचे. मी ब्रश घेतला आणि उंबऱ्याच्याही खाली, बाहेरच्या पायरीवर रेघ मारली. आमच्या घरात पाणी येत नाही. मी तरी कधी पाहिलेलं नाही.

बायको काहीतरी बोलणार होती. मी डोळे वटारले. आत गेली.

१७ जानेवारी, सकाळी (साडेआठ)
बायकोवर नजर ठेवायला हवी. पलंगाच्या पायांखाली विटा आल्यात. विचारलं, तर म्हणाली, झाडायला सोपं जातं. डबे सगळे माळ्यावर. दोरीवर गोणपाट ओलं. आणि माझ्या चपला खिडकीत! का, तर म्हणे ऊन मिळतं. चपलांना ऊन!

काहीतरी शिजतंय. बाईला सामील झाली असावी.

संकल्प: उद्या पहाटे उठून रंगेहाथ पकडायचं.

१८ जानेवारी
उठलो तेव्हा आठ. गजर वाजलाच नाही. बायको म्हणते वाजला, तुम्हीच बंद केलात. घड्याळही फितूर.

२५ जानेवारी
सभा. बाईने सांगितलं की घराच्या भावाचा रेघेशी काही संबंध नाही. ज्याची रेघ सगळ्यात वर, त्याला नवं घर आधी. पहिल्या तुकडीत होडीवाला आणि आमचा भाऊ, अगदी शेजारी शेजारी. आमचं काय, असं मी सहज विचारलं. बाई म्हणाली, काका, तुमच्याकडे पाणी येतच नाही ना? तुम्ही निश्चिंत राहा.

होडीवाल्याने माझं अभिनंदन केलं. तिकीट न काढता उतरून गेलेला माणूस हसतो तसा हसत होता.

लग्न होऊन आल्यापासून बायको आणि जाऊ यांच्यात एकच भिंत. घरी आल्यावर बायकोने जेवायला वाढलं. ताट आपटलं असतं तर बरं झालं असतं. नीट ठेवलं.

२ फेब्रुवारी
भावाचं बिऱ्हाड हललं. बायको जावेच्या मदतीला गेली. दोन दिवस तिकडेच. जाताना बजावून गेली की चपला वर ठेवा. मुद्दाम खाली ठेवल्या. या घरात कुणाचं चालतं ते चपलांनाही कळलं पाहिजे.

३ फेब्रुवारी
पलंगावरून पाय खाली टाकला. पाण्यात.

पहिला संशय नळावर. बोट बुडवून चाखलं. खारट. एक चप्पल कपाटापाशी तरंगत होती, दुसरीचा पत्ता नाही. विटांवरच्या पलंगावर बसून राहिलो. विटा, डबे, गोणपाट, खिडकीतलं ऊन. मी उठायच्या आत बायको दर उधाणाला घर कोरडं करून ठेवत होती. आणि मी तिच्यावर पाळत ठेवत होतो.

लाज वाटली. लिहून ठेवतो. कोण वाचतंय?

४ फेब्रुवारी
बायको आली. आधी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग केराची सुपली घेऊन उरलेलं पाणी दाराबाहेर लोटायला लागली. कधीपासून येतंय, असं विचारलं. गेल्या वर्षापासून, म्हणाली. मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मोरी तुंबली असेल. वर दिवसभर होडीवाल्याशी भांडलात आणि रक्तदाब चढवून घेतलात. डॉक्टर म्हणाले, यांना त्रास होईल असं काही करू नका. मग नाही सांगितलं.

५ फेब्रुवारी
बायकोच्या चपला घालून ऑफिसात गेलो. कुणी माझ्या पायांकडे पाहिलं नाही. निदान तसं दाखवलं नाही.

बाईने विचारलं, काका, तुम्हाला काय वाटतं?

भीती वाटते, म्हणालो. पाण्याची. आणि मी असाच अडून बसलो तर ही एकटीच पाणी उपसत म्हातारी होईल, याची.

बाई हसली नाही. पहिल्या तुकड्या भरल्यात, शेवटच्या तुकडीत नाव घालते, म्हणाली. तोवर वर्ष तरी जाईल. ब्रश दिला. घरी येऊन तो बायकोच्या हातात दिला. तिने आतल्या भिंतीवर, घोट्याच्या बरीच वर रेघ काढली. मी वाद घातला नाही. येताना नव्या चपला आणल्या होत्या, त्या स्वतः दाराशी ठेवल्या.

संकल्प (पक्का): तोवर रोज पहाटे मी उठायचं. पाणी मी काढायचं. तिला झोपू द्यायचं. दोन गजर लावले आहेत.

६ फेब्रुवारी
उठलो तेव्हा आठ वाजले होते. नव्या चपला खिडकीत होत्या. जमीन कोरडी होती.