कळशीच्या बदल्यात

९ फेब्रुवारी १९९२, पेडगाव
आलो एकदाचा! भूजल खात्याने विहिरी मोजायला पाठवलं, आणि राहायला मिळाला बन्सीधररावांचा मळा. दारापासून वीस पावलांवर त्यांची पायऱ्यांची दगडी विहीर, पस्तीस फूट पाणी. मला आणखी काय हवं? एप्रिलमध्ये मी आणि उमादेवी लक्षद्वीपला जाणार. कोमट निळं पाणी, प्रवाळ, तळाशी बुडालेलं जहाज. लग्नाला चार महिने झाले, तिने अजून समुद्र पाहिलेला नाही. पाण्यात तुझा हात धरून पोहेन, असं कबूल केलंय. त्याआधी सराव पाहिजे. नौदलातून निवृत्त झालेल्या एका पाणबुड्याकडून घेतलेली हवेची टाकी सोबत आहे, पाण्याखाली लिहायची पाटीसुद्धा. टाकी मुंबईलाच भरून मिळते, तेव्हा हवा जपायची. किती उरली ते काटा दाखवतो. आज तो दोनशेवर आहे.

बन्सीधरराव म्हणाले, "परभणीत समिंदर कुठून आणताव, सायब?" मी विहिरीकडे बोट दाखवलं. हसून हसून बेजार झाले.

१२ फेब्रुवारी
पहिली बुडी. दहा मिनिटांत काटा १६५ वर! हवेच्या बाबतीत मी अगदीच खादाड निघालो. तळाच्या गाळात तांब्याची कळशी सापडली. हेच माझं बुडालेलं जहाज! उमादेवीसाठी वर आणली, चिंचेने घासून लख्ख केली.

शेजारच्या मळ्यातल्या धुरपताबाई बघायला आल्या. विहिरीत पडलेली भांडी काढायचा गळ गावात त्यांच्याकडेच आहे. गळ न्यायचा तर आपलं एखादं भांडं त्यांच्या घरी ठेवावं लागतं. त्यांनी विचारलं, "कळशी आणली, बदल्यात हिरीत काय ठिवलं?" काहीच नाही, म्हटलं. "मंग ती आपल्या मनानं घेती," म्हणाल्या आणि गेल्या.

१५ फेब्रुवारी
दहा मिनिटं. काटा १४५. सुधारणा आहे. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पाणी गार असल्यामुळे असेल. उमादेवीला पत्र टाकलं.

२० फेब्रुवारी
वीस मिनिटांत फक्त पाच उतरला. १४०. मुरलेल्या पाणबुड्यालाही हे साधणार नाही. आनंद व्हायला हवा होता. चहा उकळता होता म्हणे. मी एका दमात प्यालो. बन्सीधररावांनी रिकाम्या पेल्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

२४ फेब्रुवारी
अर्धा तास. काटा १४० वरच. बिघडला असेल म्हणून वर येऊन नळीची कळ दाबली. हवा सुसाट सुटली, काटा लगेच थरथरला. काटा चांगला आहे. म्हणजे खाली अर्धा तास मी —

२८ फेब्रुवारी
उमादेवी आली. तिने हात धरला, ते बघितलं म्हणून कळलं. दुपारी खाटेवर पडलो होतो. तिने माझ्या नाकाखाली सूत धरलं. सूत हललं नाही. ती किंचाळत बाहेर पळाली. बोलण्यापुरती हवा मी मुद्दाम आत घेतो, हे आत्ता लक्षात आलं. भीती वाटायला हवी. वाटत नाही.

धुरपताबाईंना बोलावलं. "गळ परत आला की मी भांडं देती. कळशी जिथली तिथं ठिवा, तुमचं तुमाला मिळंल." उमादेवी कळशी उराशी धरून बसली आहे.

२९ फेब्रुवारी, सकाळ
उतरतो. टाकी वरच ठेवली. तेवढी हवा वाचेल, आणि मला ती लागते कुठे. टाकीशिवाय तळ गाठता येत नाही म्हणून बन्सीधररावांनी कंबरेला दगड बांधला, वर येताना गाठ सोडायची. माझ्या बोटांना गाठ कळत नाही. उमादेवी पायरीवर आहे. पाटी तिनेच हातात दिली. कळशी ठेवल्याबरोबर लिहा म्हणाली.

पाटीवर
तळ. कळशी ठेवली. जिथली तिथे.
गार लागतंय. बोटांना —
गाठ हाताला लागते. ओली. घट्ट. सुटत ना —
उमा मला भीती वाटते
छाती आपोआप व