उजव्या तळ्याचं खाद्य

४ मार्च
संपादकांना दादाच्या मत्स्यशेतीवर लेख हवाय, म्हणून मुक्काम थोरल्या भावाकडे. दोन तळी, मासे एकाच जातीचे. डाव्या तळ्याच्या खाद्यात वाटाण्याच्या सालींची पूड, उजव्याला तुलनेसाठी नेहमीचंच. पूड माशाला पचत नाही. त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू तिच्यावर पोसतात आणि रोगजंतूंना थारा देत नाहीत. मत्स्यन्याय म्हणजे मोठ्याने लहानाला गिळणं, एवढंच आम्ही पाठशाळेत घोकलं. इथे मोठा लहानांना पोटात बसवून जेवू घालतो! दादाला सांगितलं, तर म्हणाला, "संस्कृत राहू दे, बादली धर."

५ मार्च
हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गेल्या वर्षी रोगाने दोन्ही तळ्यांतले निम्मे मासे गेले. औषधावर वाढवलेले मासे आता व्यापारी घेत नाहीत. पुडीने गुण आला नाही तर तळी विकायची — गिऱ्हाईक टपलेलंच आहे.

१९ मार्च
खाद्य कालवायचं काम वहिनीचं. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला खपत नाही. काठावर उभी राहून माशांना दटावते, "ढकलाढकली नको, सगळ्यांना मिळेल!" मी म्हटलं, "वहिनी, शास्त्रात लाड बसत नाहीत."
"भाऊजी, चहा निवतोय तुमचा."

२ मे
पुन्हा इथे. मत्स्यतज्ज्ञ बाई तपासणीला आल्या. मासे तोलले, चिरले, भिंगाखाली घातले. रोगाचा मागमूस नाही! दादा हरखला. बाई कोरड्याठाक — "अहो, पण उजवीकडेही नाही. पूड न खाता तेही धडधाकट. मग पुडीचं कौतुक कशाला? यंदा पाणी चांगलं असेल."
तर्क बिनतोड. दादाचा चेहरा पडला. पाण्याची हमी कोण देणार? संध्याकाळी त्याने गिऱ्हाइकाला फोन केला, "उद्या या."
वहिनी जेवली नाही. मी मात्र जेवलो आणि लेखाला मथळा दिला : 'कडधान्याचा प्रयोग फसला'.

३ मे
गिऱ्हाईक ओसरीवर. वहिनी आतूनच म्हणाली, "पूड मी दोन्हीकडे घालत होते. पहिल्या दिवसापासून. एकाला वाढायचं, दुसऱ्याने बघत बसायचं — असला पंक्तिप्रपंच माझ्या हातून नाही झाला."
प्रयोग मातीमोल. मासे ठणठणीत.
दादाने गिऱ्हाइकाला चहा पाजला आणि वाटेला लावलं.