गाळ खाली बसेपर्यंत

व्हेर्झने, १२ नोव्हेंबर १९५३

ती. ओदेतताईस,
क्लेमांसचा शि. सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन महिना झाला. एकटीपुरतं सूप करायची सवय अजून लागलेली नाही. उरतं ते शेजारचे फिर्मांकाका येऊन संपवतात आणि वर मीठ कमी म्हणून नावं ठेवतात.

आपलं तळघर पाहायला माणसं येतातच. रविवारी एक बेल्जियन जोडपं आलं होतं. मी नेहमीची पोपटपंची केली, की दोन हातांत दोन बाटल्या धरायच्या, रोज थोड्या फिरवायच्या, तोंड खाली करून थोड्या उभ्या करायच्या, म्हणजे गाळ घसरत बुचाशी येतो आणि शँपेन नितळ होते. वर येऊन पेला हातात घेतल्यावर त्या बाई विचारतात, की जाळीच्या दारामागे बाटल्या फिरवणाऱ्या आजोबांना अंधारात दिसतं तरी कसं. मी हसून वेळ मारून नेली. त्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या गळ्यात.

नंतर जाऊन पाहिलं. बाबांनी भोकांच्या फळ्यांवर लावलेली शेवटची खेप जागेवरच आहे, पण किती फिरवली ते कळावं म्हणून बाटल्यांच्या बुडावर ओढलेल्या चुन्याच्या रेघा सरकल्या आहेत. रोज थोड्या सरकतात. आणि ताई, प्रत्येक जोडीत डाव्या हाताची बाटली जराशी मागे आहे. बाटली फुटून बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून त्यांचा तो हात असाच मागे पडायचा ना? मला भीती नाही वाटली. फार बरं वाटलं.

मुलांना पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, क्लेमांस


नांत, २० नोव्हेंबर

चि. क्लेमांस हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी रागावले, मग दार लावून रडले. आमच्या घरातले म्हणतात की तळघरातल्या हवेने तुझं डोकं फिरलंय. त्यांचं मनावर घेऊ नकोस. मासे खाणारी माणसं, त्यांना आपल्या बाटल्यांचं काय कळतंय!

खरंच बाबा असतील तर त्यांना अडवू नकोस. काम अर्धवट टाकणं त्यांना कधी जमलं नाही. याच फळ्यांपायी माझ्या लग्नाच्या जेवणाला उशिरा आले होते, तेही चुन्याने माखलेल्या कोटात. गाळ बुचाशी आला, बाटल्या सरळ उलट्या उभ्या राहिल्या, की ते जातील. जाऊ दे. मग तूही इकडे निघून ये. तुझी छाती लहानपणापासून कच्ची, आणि डॉक्टरांनी त्या ओलीत बसायचं नाही म्हणून बजावलंय.

पत्राची वाट पाहायला लावू नकोस, एवढंच मागणं.
तुझी, ओदेत


व्हेर्झने, १७ जानेवारी १९५४

ती. ताईस,
शि. सा. न.

अक्षर वाकडं आहे, हसू नकोस. उजव्या अंगठ्याला टाके पडलेत आणि तो आता वाकत नाही.

रागावणार असशील तर आताच रागावून घे. गेल्या आठवड्यात बाटल्या उभ्या होत आल्या होत्या. गाळ बुचाशी, वरची शँपेन नितळ. अजून चार दिवस आणि बाबा गेले असते. माझ्याच्याने बघवेना. मी एकेक बाटली काढली आणि खळाखळा हलवून पुन्हा आडवी लावली. सगळं गढूळ. एक हातात फुटली, तोच हा अंगठा.

दोन दिवस रेघा हलल्या नाहीत. मला वाटलं, रुसले. तिसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू! आता मी स्टूल टाकून दिवसभर तिथेच बसते. थोडा खोकला आहे. पाहुणे जाळीपाशी आले की आपोआप हळू बोलतात, मी काही सांगितलेलं नसताना.

राग ओसरला की दोन ओळी लिही.
क्लेमांस


नांत, ३ फेब्रुवारी

चि. क्लेमांस हिस,
आशीर्वाद.

शहाणे, मेलेल्या म्हाताऱ्या माणसाला तू पुन्हा पुन्हा त्याच बाटल्या फिरवायला लावतेस? त्यांची पाठ शेवटी किती दुखायची, विसरलीस? फिर्मांकाकांनी मला लिहिलंय की खोकल्यातून रक्त पडतं. हे मला त्यांच्याकडून कळावं?

बाबा गेले, बाई. तू आहेस. मला तू हवी आहेस. हलवणार नाही असं वचन दे. ईस्टरला मी न्यायला येते.

माझं एवढं ऐक.
ओदेत


व्हेर्झने, २१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

तू मागितलेलं वचन पाळलं नाही. आणखी दोनदा हलवल्या.

पण आता बाबा फार घाई करतात. पूर्वी दिवसातून एकदा रेघ सरकायची, आता मी बसलेली असतानाच बाटल्या फळीवर खडखडतात, पार संध्याकाळपर्यंत. हलवायला माझ्या हातात जोर उरलेला नाही, हे त्यांना कळलंय. मला या तळघरातून वर उजेडात पाठवायची घाई आहे त्यांना. त्यांचं संपलं तरी इथून उठायला नको म्हणून मी मात्र समोरच्या फळ्यांवर फिर्मांकाकांकडून नवी खेप लावून घेतलीय, फिरवायचं मलाही येतं.

लवकर ये.
क्लेमांस


व्हेर्झने, २ मे

चि. क्लेमांस,
अ. उ. आ.

हे पत्र टपालात टाकणार नाही, खाली तुझ्या स्टुलावर ठेवणार आहे. न्यायला येते म्हणाले होते, आले ती तुला पोचवायला. बाबांच्या शेजारीच ठेवलंय तुला.

काल तळघरात उतरले. बाबांच्या बाटल्या सगळ्या उभ्या आहेत, गाळ बुचाशी, नितळ. तिथे आता काही हलत नाही. त्यांचं काम झालं, ते गेले. पण तुला या तळघरातून वर पाठवणं काही त्यांना जमलं नाही.

समोर तुझी खेप आहे. तिच्या रेघा सरकतात. प्रत्येक जोडीत उजव्या हाताची बाटली जराशी मागे आहे. फिर्मांकाकांना दाखवलं, तर त्यांनी टोपी काढली.

बाबांना जाऊ दे, असं किती शहाणपणाने लिहिलं होतं मी तुला. नांतला बसून लिहायला सोपं होतं, पोरी. आज पाहिलं तर तुझा गाळ पार बुचाशी आलाय. मी पहिली बाटली काढली, उजेडात धरली, आणि जोर लावून हलवली. मग दुसरी. मग सगळ्या.

मी इथेच आहे. अंगठ्याला जप, आणि फिरवताना घाई करू नकोस.
तुझी ताई,
ओदेत