चौथी हाक

९ ऑक्टोबर, गुरुवार

वही घेऊन पंधरा दिवस झाले, उघडली आज. जुन्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या श्रेया मॅडम म्हणाल्या होत्या, बिभीषण, तुमचं मन एका जागी थांबत नाही, रोज थोडं लिहीत जा, पोरं मोठी झाली की त्यांना आईबद्दल वाचायला तरी होईल. मी व्हय म्हणलं आणि वही टेम्पोच्या सीटखाली टाकली. नववीत शाळा सोडल्यापासून सहीशिवाय काही लिहिलेलं नाय. त्यात एक दिवस टायर बसला, एक दिवस कुणाचं तरी कुत्रं मागं लागलं, त्याचं घर हुडकत फिरलो. असं करत राहून गेलं.

तर रविवारी आम्ही दौलताबादला राहायला आलो. लई झकास जागा. सीताफळाच्या बागेच्या कडेला दोन खोल्या, पत्रे नवे, दारात नळ, खिडकीतून किल्ला दिसतो. मालक शहरात असतो. त्याला बाग राखायला आणि फळाचे क्रेट पोचवायला माणूस पाहिजे होता. ज्ञानेश्वरी सहा वर्षांची, पहिलीत. शिवम तीनचा. दोघांनी आल्या आल्या झाडं मोजायला घेतली. ज्ञानेश्वरीला विसाच्या पुढं येत नाय, मग परत एकपासून. लई दिवसांनी मी हसलो.

शालूला जाऊन तीन महिने झाले. वाळूजच्या खोलीवर, सकाळी साडेनऊला, कपडे पिळता पिळता खाली बसली ती उठलीच नाय. चोवीस वर्षांची. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. मी तेव्हा नाशिकच्या अलीकडं टपरीवर चहा पीत होतो. त्याआधी तिचे दोन फोन येऊन गेले होते. कधी येताय विचारील म्हणून मी उचलले नाय.

निघतानाची एक गोष्ट लिहून ठेवतो. आम्ही मूळची मेंढरामागची माणसं. तळ उठवताना माझे वडील, मुंजाबा, सगळ्यांना नावानं हाक मारायचे. बायका, पोरं, कुत्रीसुद्धा. ज्याची त्याची ‘व्हय’ आली की मगच घोडं हलायचं. नायतर माणूस पुढं जातं आणि जीव जुन्या तळावर राहतो, असं आमच्यात धरतात. मेंढरं गेली, टेम्पो आला, तरी मी खोली सोडताना हाक मारतोच. लग्नापासून पाच खोल्या सोडल्या.

रविवारी सामानाला दोरी बांधली आणि हाक मारली. पहिली बिरोबाला, ती तो ऐकतो असं धरायचं. मग ज्ञानेश्वरी. व्हय. शिवम. व्हय. आणि तोंडाला सवय, चौथी — शालू.

मारली आणि जीभ चावली. कुणी काही बोललं नाय. ज्ञानेश्वरी मात्र शिवमला घेऊन सीटवर आत सरकली, दाराकडची जागा सोडून. मला वाटलं, तिकडून ऊन लागत असंल.

१३ ऑक्टोबर, सोमवार

बस्तान बसलं. सकाळी खिचडी, मग ज्ञानेश्वरी शाळेत, मग मी क्रेट घेऊन शहरात. बागेच्या तोंडाशी आशाबाई सीताफळाची पाटी मांडून बसतात, त्या म्हणाल्या, पोरांवर नजर ठेवते, तुम्ही बिनघोर जा. तीनला मी परत येतो. वळणावर हॉर्न देतो, दोन तोकडे एक लांब, की दोघं उंबऱ्यावर.

इथल्या मोरांबद्दल लिहायचं होतं, ते राहू दे. शिवमबद्दल लिहितो. झोपताना त्याला आईच्या साडीचा पदर लागतो, तोंडात घालून चोखतो. आई देवाघरी गेली म्हणलं, तर विचारतो, कोणत्या रस्त्यानं. मला सांगता येत नाय. खरं सांगू का, कधी कधी टेम्पोत बसल्यावर वाटतं, वळूच नये. सरळ जावं. पोरांना कुणीतरी सांभाळीलच. असलं मनात येतं आणि मग मी त्यांच्यासाठी उगाच जिलबी आणतो.

आज आलो तर ज्ञानेश्वरीच्या दोन वेण्या घातलेल्या. घट्ट, शेवटाला रिबिनीची दुहेरी गाठ. मला तर एकही जमत नाय. आशाबाईंना जाताना रामराम घातला. मनात म्हणलं, माणसं आहेत अजून जगात.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

धुळ्याचं भाडं मिळालं म्हणून एक मुक्काम बाहेर केला. जाऊ नये वाटत होतं आणि जायचंही होतं. रात्री पोरांकडं बघा म्हणून आशाबाईंना फोनवर सांगितलं तर त्या हसल्या.

परत आलो तर घर झाडलेलं, कपडे वाळत घातलेले, पोरं गप बसलेली. एकदाही आई कुठंय म्हणून विचारलं नाय. मी आशाबाईंकडं पेढे घेऊन गेलो, म्हणलं, मावशी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

त्या म्हणाल्या, त्यांनी तर घरात पाऊलही टाकलेलं नाय. पुढं जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहितो.

“मी कशाला येऊ? तुमची मंडळी हाय की घरात. पर लई आखडू हाय बाबा, हाक मारली तर वळूनबी बघत नाय.”

मी इथं कुणाला सांगितलेलं नाय की माझी बायको वारली. वाळूजला सगळ्यांच्या चेहऱ्यावरची कीव बघून कंटाळलो होतो. म्हणून गप्प बसलो होतो. पेढे देऊन आलो.

२० ऑक्टोबर, सोमवार

दुखवट्याचं वर्ष, दिवाळी करायची नव्हती. तेल नाय, उटणं नाय, काही आणलं नव्हतं.

आणि हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तीन दिवस मी याबद्दल कुणाशी बोललो नाय, कारण मला बरं वाटत होतं. शालू आली असंल तर आली. तिचीच पोरं आहेत. काल जेवताना मी चौथं ताट मांडलं. पोरांनी काही विचारलं नाय. फक्त शिवमनं आपलं ताट त्या चौथ्या ताटाकडं सरकवलं, आणि स्वतः घासही खाल्ला नाय. पोट भरलंय म्हणाला, आईनं भरवलं.

आज उजाडता उठलो तर दोघं मोरीजवळ उघडी उभी, अंगभर राखाडी. ज्ञानेश्वरी म्हणाली, आईनं उटणं लावलं. मी बोट फिरवलं. राख होती. शिवमच्या तोंडातही राख, दाढेला चिकटलेली. आमच्याकडं गॅस आहे. आसपास कुठं चूल नाय. शालूची राख मी स्वतः पैठणला सोडली, सगळी, मडकंसुद्धा.

दोघांना तीनदा अंघोळ घातली. शिवमच्या बरगड्या हाताला लागल्या. आठ दिवसांत एवढा वाळला, आणि मला दिसलं नाय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

वडिलांना, आबांना फोन लावला. चौथ्या हाकेचं सांगितलं. शिव्या घालतील वाटलं होतं, ते म्हणाले,

“हाक मारली त्याचं काय नाय. व्हय कोण म्हणलं, ते इचार.”

ज्ञानेश्वरीला विचारलं. ती पाटीवर चित्र काढत होती, मान वर न करता म्हणाली, आई म्हणली की, टेम्पोच्या मागून. मग म्हणाली, “पण आईसारखं नाय म्हणली.”

आबा म्हणतात, मेलेलं माणूस हाकेला येत नाय. येतं ते वाटेवरचं, ज्याला कुणी कधी बोलावलं नाय ते. एकदा ‘व्हय’ म्हणून शिरलं की ते स्वतः हाक मारायला लागतं. जो ‘व्हय’ म्हणेल त्याला घेऊन तळ उठवतं. इथून पळायचं नाय, पळालो तर तेही टेम्पोत बसणार. शुक्रवारी ते बिरोबाचा भंडारा घेऊन येतायत. तोवर पोरांनी कुणाच्या हाकेला ‘व्हय’ म्हणायचं नाय.

दोघांना समोर बसवलं. ज्ञानेश्वरीच्या डोक्यावर हात ठेवून वदवून घेतलं. फक्त बाबांच्या आवाजाला ओ द्यायची. दुसऱ्या कुणाच्याच नाय. आईच्याही नाय.

आईच्याही नाय म्हणताना ती रडली. मीही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

कामाला गेलो नाय. दार लावून बसलो.

बाराच्या उन्हात पहिली हाक आली. बागेतून. शालूचाच आवाज, कपडे वाळत घालताना मारायची तसा. शिवम उठला. मी त्याचं तोंड दाबून धरलं. त्यानं हाताला चावा घेतला. ज्ञानेश्वरीनं स्वतःच तोंडावर हात ठेवला, डोळ्यांतून पाणी.

सात वेळा. मीच ओरडलो मग, जा म्हणून. तू शालू नाहीस, जा. अर्धा तास ओरडत होतो.

त्यानं ऐकलं. ऐकून घेत होतं असं वाटलं —

२३ ऑक्टोबर

घसा बसला. नुसता बसला नाय, आवाजच फुटत नाय. वारा येतो फक्त.

हाक आज दोनदाच. आवाज जाडा झालाय. शालूचा वाटत नाय. कुणाचा ते — ओळखीचा आहे.

पोरांना हातानं खुणा करतो. शिवमला वाटतं खेळ आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपार. आबांची बस खुलताबादवरून निघाली, फोन आला. मी बोलू शकलो नाय. ते हॅलो हॅलो करून —

शिवम मांडीवर. डाव्या हातानं धरलाय. ज्ञानेश्वरी खिडकीत, आबांची वाट बघत.

अर्धा तास काही नाय. मोरसुद्धा नाय.

आता कळलं. कालचा आवाज कुणाचा ते. मी बुधवारी त्याला अर्धा तास —

हॉर्न. वळणावर. दोन तोकडे, एक लांब.

टेम्पो दारात उभा आहे. चावी माझ्या खिशात.

ज्ञानेश्वरीनं तोंडावरचा हात काढला. हसली. कितीतरी दिवसांनी. खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “बाबा आले.”

शिवम मांडीवरून सुटला —

तिला जोडाक्षर वाचता येत नाय. सोपं लिहितो. मोठं लिहितो. वही तिच्यापुढं —

इकडं बघ
बाबा इथं
ओ देऊ नको

ती वाचतेय. बोट ठेवून. बा. बा. इ. —

बाहेरून हाक. पहिली. बिरोबाला नाय, सरळ तिलाच —

ओ देऊ न